दुसरा वायसर

लॉरेल रन
१८ फेब्रुवारी २०१९

शेल्बीस,

पिस्तुलात वायसर घालू की नको, एवढं विचारायला तू चार पानं लिहिलीस, तीही दोन्ही बाजूंनी. शाळेत असताना एवढं लिहिलं असतंस तर तुझ्या बापाला मास्तरणीपुढे टोपी हातात घेऊन उभं राहावं लागलं नसतं.

उत्तर एका शब्दाचं आहे. नको.

तू त्याला बफर म्हणतेस, निळ्या प्लॅस्टिकचा असतो म्हणतेस, पाकिटात सहा येतात म्हणतेस. मला काही शिकवू नकोस. गोळी सुटली की वरचं लोखंड मागे येऊन खालच्या अंगावर आदळतं, आणि त्या दोघांच्या मधे मऊ चकती घातली की मार कमी बसतो. म्हणजे वायसरच तो. मी अठरा वर्षं चामडं कमावायच्या टॅनरीच्या पंपखोलीत चामड्याचे वायसर कापले आहेत. निळा रंग दिला म्हणून त्याचं काही दुसरं होत नाही.

तुझ्या पॅपॉने त्या पिस्तुलात शेवटची पस्तीस वर्षं काही घातलं नाही. त्याचं काही अडलं नाही. तो गेला तोसुद्धा हृदयाने गेला, पिस्तुलाने नाही.

इथे बर्फ गुडघाभर आहे. दोन कोंबड्या कोल्ह्याने नेल्या. उरलेल्या चार इतक्या घाबरल्यात की अंडी द्यायचं विसरल्यात. पत्रच लिहीत जा. फोन वाजवू नकोस, मला ऐकू येत नाही आणि मग मी इथे एकटी ओरडत बसते. उजवा कान तुझ्या पॅपॉच्या, माझ्या ओकीच्या, पिस्तुलाने खाल्ला, डावा आपणहून गेला.

ओर्फा टीटर
(तुझी मॅमॉ)

*

पार्कर्सबर्ग
२ मार्च २०१९

मॅमॉ,

काही अडलं नाही म्हणतेस, पण अडलंय. चार पानं तेच तर सांगत होते! तू पहिलं पान वाचून बाकीची चुलीत घातलीस ना?

पुन्हा सांगते, थोडक्यात. पॅपॉचं पिस्तूल मी प्रूएटला दाखवलं. प्रूएट म्हणजे इथला बंदुका दुरुस्त करणारा, म्हातारा आहे, तुझ्याइतकाच खडूस, पण हात सोन्याचा. त्याने सगळं सुटं केलं, भिंग लावलं आणि म्हणाला, “पोरी, इथे बघ.” सांगाड्याला पुढच्या बाजूला चीर गेली आहे. केसाएवढी. तो म्हणतो, स्प्रिंग मऊ आणि मधे काही नाही, असं वर्षानुवर्षं लोखंडावर लोखंड आपटत राहिलंय. नवी स्प्रिंग घाल, बफर घाल, तर अजून वीस वर्षं चालेल. नाही घातलास तर एक दिवस हातात दोन तुकडे येतील.

उलट आमच्या लीगमधला डेन्झिल म्हणतो, बफर म्हणजे कटकट. मार खाऊन खाऊन त्याचा चुरा होतो आणि तो चुरा आत अडकतो. त्याच्या एका मित्राचं ऐन स्पर्धेत अडकलं होतं म्हणे. मंगळवारी फायर हाउसच्या तळघरात आम्ही नेम मारायला जमतो तेव्हा हे दोघं इतके भांडतात की गोळ्यांचा आवाज बरा वाटतो. मी दिवसभर शाळेची बस चालवते, चाळीस पोरांची भांडणं सोडवते आणि संध्याकाळी ही दोन पोरं.

मला ते पिस्तूल जूनमधे हवंय, मॅमॉ. पंधरा जूनला राज्याची स्पर्धा आहे, कनॉहा नदीच्या काठावर, त्याच मैदानात. पहिले चार जण राज्याच्या संघात जातात. या वर्षी मी त्यात बसू शकते, मी हवेत बोलत नाहीये. दुसऱ्या कुणाचं पिस्तूल घेऊन जाता येईल. पण मला पॅपॉचंच न्यायचंय. तो तिथे दुसऱ्या नंबरवर होता आणि शेवटच्या फेरीत पिस्तूल अडकलं, एवढंच मला माहीत आहे. नक्की काय झालं ते मला कुणी धड सांगितलेलं नाही. पपा म्हणतो मी लहान होतो. तू तर तिथे होतीस ना?

शेल्बी

*

लॉरेल रन
११ मार्च २०१९

शेल्बीस,

तुझी सगळी पानं वाचली होती. चूल पेटवायला माझ्याकडे चर्चचं मासिक आहे.

तुला ऐकायचंच आहे तर ऐक. सन त्र्याऐंशीचा जून. सकाळी लहान पिस्तुलाची फेरी झाली, जेवणं झाली, दुपारी मोठ्या पिस्तुलाची. नव्वद गोळ्या. आधी सावकाश मारायच्या, एकेक करून, मग वीस सेकंदांत पाच, मग दहा सेकंदांत पाच. सावकाश मारताना दोनदा अडकलं. तिथे वेळ भरपूर असतो, त्याने हाताने मोकळं केलं आणि पुढे गेला. वीस सेकंदांच्या फेऱ्या नीट गेल्या. दहा सेकंदांच्या फेरीत तिसऱ्या गोळीला अडकलं. एकदा अडकलं तर फेरी पुन्हा मिळते, तुला माहीत आहेच. पुन्हा मिळाली. पुन्हा दुसऱ्याच गोळीला अडकलं. मग काही मिळत नाही. दुसऱ्या नंबरवरून एकोणिसाव्यावर आला. झालं.

कारण पावडर. तो आपली काडतुसं आपणच भरायचा, हाताला धक्का कमी बसावा म्हणून पावडर जरा हलकी ठेवायचा. त्या खेपेला जास्तच हलकी झाली, वरचं लोखंड पुरतं मागे गेलं नाही, पुढची गोळी उचलली गेली नाही. हे त्याने स्वतः सगळ्यांना सांगितलं. चर्चच्या दारात उभं राहून सांगितलं, “वजन करताना माझाच हात चुकला.” जो माणूस चिमूटभर पावडर दोनदा तोलायचा त्याने हे सांगितलं. त्यानंतर या खोऱ्यातल्या कुणी त्याच्याकडून काडतुसं भरून घेतली नाहीत. तो पुन्हा राज्याच्या मैदानावर गेला नाही.

वायसराचा यात काही संबंध नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर त्याच्या वह्या बघ. मारलेली एकूण एक गोळी त्याने वहीत मांडली आहे, हवा कशी होती तेही. तुझ्या बापाच्या गॅरेजमधे खोक्यात पडल्या असतील, गवत कापायच्या यंत्राखाली. त्यात लिहिलेलं सापडेल, पावडर. वायसर कुठेही सापडणार नाही.

त्या प्रूएटशी माझी बरोबरी करू नकोस, मी अजून कुणाला खडूस वाटावं एवढी म्हातारी नाही.

आणि घालू नकोस तो निळा प्रकार. मी सांगते म्हणून.

ओर्फा

*

पार्कर्सबर्ग
७ एप्रिल २०१९

मॅमॉ,

प्रूएटचं ऐकून निळा बफर मी आधीच घातला होता, तो तू सांगितलंस म्हणून काढला. आता ऐक काय झालं.

बफर काढायच्या आधी प्रूएटने त्या चिरेच्या टोकाला सुईने बारीक रेघ मारून ठेवली होती. “ही ओलांडली की मला तोंड दाखव,” म्हणाला. मी बफर न घालता चारशे गोळ्या मारल्या. काल बघितलं. ओलांडली. फार नाही, पण ओलांडली. जूनपर्यंत मला अजून दीड हजार तरी माराव्या लागतील, सराव न करता तिथे जाणं म्हणजे नुसतं उभं राहून यायचं.

खरं सांगायचं तर निळ्याचंही डेन्झिल म्हणतो तसंच झालं होतं. दोनशे गोळ्यांनंतर कडा फाटल्या आणि एक तुकडा आत अडकला, पकडीने ओढून काढावा लागला. प्रूएट म्हणाला, “मग दर शंभराला बदल.” डेन्झिल म्हणाला, “मग पिस्तूल कशाला, निळी चकतीच फेकून मार.”

तेव्हा मी ठरवलंय की भांडणच नको. पॅपॉचं पिस्तूल तेल लावून कपाटात ठेवते. डेन्झिल त्याचं दुसरं देतोय, चांगलं आहे, माझ्या हातापेक्षा जरा जाड आहे इतकंच. एक महिन्यात सवय होईल. नाही झाली तर नाही झाली.

वह्या मी मागवल्या आहेत. पपा ईस्टरला येतोय, खोकं घेऊन येईल. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. त्याचं अक्षर बघायचंय.

शेल्बी

*

लॉरेल रन
१४ एप्रिल २०१९

शेल्बीस,

ठेव कपाटात. लोखंड आहे, रडणार नाही.

काल इथल्या फायर हाउसमधे रॅम्प्सचं जेवण होतं. रानातला तो कांदा आता कोवळा निघालाय. बटाटे, बीन्स, मक्याचा पाव, आणि आठवडाभर तोंडाला असा वास की पाद्रीसुद्धा चार हात लांबून आशीर्वाद देतो. तुझ्या पॅपॉच्या जागी आता तो शेजारच्या कॉनरॅडचा मुलगा बसतो. बसू दे. खुर्ची कुणाच्या नावावर नसते.

वह्यांची काही घाई नाही. तुझ्या बापाला त्या खोक्यासाठी गॅरेज उपसायला लावू नकोस, त्याची कंबर आधीच धड नाही. मी सांगितलं ना त्यात काय आहे ते.

चिरेने रेघ किती ओलांडली? नखाएवढी की कमी?

ओर्फा

*

पार्कर्सबर्ग
२४ एप्रिल २०१९

मॅमॉ,

नखापेक्षा कमी. पण ते राहू दे, हे बघ!

पपाने खोकं आणलं (कंबर ठीक आहे, तीन ताटल्या हॅम खाल्लं). अकरा वह्या आहेत. त्र्याऐंशीची वही हिरव्या कव्हरची. जूनच्या पानावर आकडे आहेत, हवा लिहिली आहे, ‘डावीकडून मंद वारा, ऊन’, आणि त्याखाली चिकटपट्टीने एक चामड्याची चकती चिकटवलेली आहे. तपकिरी, जाड, तेलाने काळी पडलेली. तिच्याखाली पॅपॉच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात हे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

‘दोन निघाले. मारण्याआधी उघडून बघायला हवं होतं. पावडर बरोबर होती. ओर्फाजवळ बोलायचं नाही.’

मॅमॉ, तो वायसर आहे! पावडर नव्हतीच. पॅपॉने एकाच्या जागी दोन घातले होते! एवढा काटेकोर माणूस, आणि एकावर दुसरा घातला हे विसरला. मी प्रूएटला दाखवलं तर तो लगेच म्हणाला, असे दोन जाड घातले तर वरचं लोखंड पुरेसं मागे जाणारच नाही, कधी गोळी उचलेल, कधी नाही. त्यात तेलाने चामडं फुगतं. जे झालं ते अगदी तसंच झालं.

आणि शेवटचं वाक्य वाचून मी इतकी हसले की पपा धावत आला. ओर्फाजवळ बोलायचं नाही! बिचारा तुझ्या जिभेला घाबरला. सगळ्या खोऱ्याला पावडर चुकली म्हणून सांगितलं, पण घरात खरं कारण कळू दिलं नाही, कारण तू जन्मभर त्याला ऐकवलं असतंस. ऐकवलं असतंस की नाही, खरं सांग!

म्हणजे तुलाही हे माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं त्याने तुलासुद्धा फसवलं.

चकती पानासकट कापून पाठवते आहे. तुझ्याकडे असावी. एक विचारायचं होतं, तिच्या कडेला एक बारीक खाच आहे, मुद्दाम कापल्यासारखी. ती कशाची?

शेल्बी

*

(पोस्टकार्ड)

पार्कर्सबर्ग, ६ मे

मॅमॉ, पाकीट मिळालं का? दोन आठवडे झाले. बरी आहेस ना? डेन्झिलचं पिस्तूल माझ्या हातात बसत नाहीये. शे.

*

(पोस्टकार्ड)

पार्कर्सबर्ग, १३ मे

मॅमॉ, मी काही चुकीचं लिहिलं का? हसले म्हणून राग आला का? पपाला तुझ्याकडे पाठवू? शे.

*

लॉरेल रन
२० मे २०१९

शेल्बीस,

तुझ्या बापाला पाठवू नकोस. मी बरी आहे. बटाटे लावायचे होते, ते लावले. मग लिहायचं नव्हतं म्हणून आणखी दोन वाफे लावले. आता जागा संपली, म्हणून लिहिते.

ती खाच माझी आहे. मी कापलेल्या प्रत्येक वायसराला असते. चामड्याची एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. कुठली पुढे ठेवायची ते कळावं म्हणून मी खाच मारत असे. टॅनरीत शिकले होते. ओकीच्या पिस्तुलाचे वायसर मीच कापायची. दर स्पर्धेला एक नवा. आणि दर स्पर्धेच्या दिवशी जेवणानंतर पिस्तूल उघडून तेल देऊन तो बसवायचीही मीच, कारण तो अर्धा तास झाडाखाली तोंडावर टोपी टाकून झोपायचा. झोपला नाही तर त्याचा नेम हलायचा.

त्या दिवशी दुसरा वायसर मी घातला.

त्याच्या आदल्या रविवारी तो म्हणाला होता, “हे पिस्तूल फार मार खातंय, ओर्फा, पुरायचं नाही.” दुसरं मिळणार नव्हतं. मी विचार केला, एक घातल्याने मार निम्मा होतो तर दोन घातल्याने आणखी कमी होईल. पंपात तसंच असतं. पाणी झिरपलं की आम्ही एकावर एक दोन वायसर टाकायचो आणि झिरपणं थांबायचं. पंपात काही मागेपुढे धावत नाही, गोळी उचलायची नसते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी सहावीपर्यंत शिकले आहे, त्यात पिस्तूल नव्हतं. त्याला विचारलं असतं तर झालं असतं. तो झोपला होता. उठवलं नाही.

पहिल्यांदा अडकलं तेव्हाच मला कळलं. लाइनीच्या मागे मी जाळीला धरून उभी होते. ओरडता आलं असतं. स्पर्धेत मागून कुणी बोलायचं नसतं, तो नियम आहे, आणि मी त्या नियमामागे लपले. दुसऱ्यांदा अडकलं तेव्हाही.

घरी परत चार तास लागतात. त्या चार तासांत तो एवढंच बोलला, “ते बघ, हरीण.”

घरी पोचल्यावर मी म्हणाले, “आण इकडे, मी साफ करते.” म्हणजे गुपचूप दुसरा काढून टाकता येईल. त्याने लगेच दिलं. मी उघडलं. आत एकच होता.

पोरी, मी तो सांगाडा उलटा करून झटकला. दिव्यापाशी नेऊन बघितला. एकच. मग माझं मलाच वाटायला लागलं की दुसरा घातलाच नसेल, किंवा चुरा होऊन उडून गेला असेल. त्यानंतर तो पावडरचं बोलायला लागला. मी म्हटलं, देवाने झाकलं तर मी कशाला उघडू. त्याची काडतुसं घ्यायचं लोकांनी बंद केलं तेव्हाही गप्प बसले. महिन्याभराने तो म्हणाला, “आता वायसर कापत जाऊ नकोस, मला नको वाटतात.” मला वाटलं, सुटले.

आता कळतंय. मैदानावरच्या शेडमधे पिस्तूल रिकामं करायला गेला तेव्हा त्याने ते उघडलं होतं. दुसरा काढून खिशात घातला, आणि पहिला तसाच ठेवून माझ्या हातात दिलं. मला काही सापडू नये म्हणून.

तो माझ्या जिभेला घाबरायचा नाही. जिभेला घाबरणारा माणूस माझ्याबरोबर एक्कावन्न वर्षं राहिला नसता. तू चूक वाचलंस. मीही इतकी वर्षं चूकच वाचलं, तेव्हा तुला काय बोलू.

मला राग आला आहे. तीन आठवडे तो रागच होता, तुझ्यावर नव्हे. एका टेबलावर रोज सकाळी गव्हाच्या पोळ्यांवर काकवी ओतायचा हा माणूस, हरीण दिसलं तर सांगायचा, दोन निघाले हे सांगू शकला नाही? मी रडले असते, तो चिडला असता, दुसऱ्या दिवशी नवा एक कापला असता, पुढच्या वर्षी पुन्हा गेला असता. त्याने मला वाचवलं आणि स्वतःचं नाव घालवलं, आणि मला विचारलंही नाही की वाचायचंय का. मग मनात येतं, मीही त्याला विचारलं नव्हतंच. दुसरा घालताना नाही, नंतरही नाही. म्हणजे सारखंच. कुणाकडे बोट दाखवायला जागा उरत नाही, हे फार वाईट असतं. भांडायला त्याला थडग्यातून काढता येत नाही.

आणि ती चीर. पस्तीस वर्षं मधे काही न घालता लोखंडावर लोखंड आपटलं, ते कुणामुळे, ते तुला आता कळलं असेल. तरी तुला ‘नको, मी सांगते म्हणून’ लिहिलं. तुझ्या भल्यासाठी नव्हतं ते. तो शब्द वाचायचाच नव्हता मला.

बरं. आता कामाचं.

पाकिटात सहा वायसर आहेत. गाईच्या पाठीचं चामडं आहे, कॉनरॅडच्या घोड्याच्या जुन्या पट्ट्यातून काढलं. भोक पाडायचा पंच माझाच, गंज घासून काढला. पातळ कापले आहेत, त्या काळी कापायचे त्याच्या निम्मे, तुझ्या प्रूएटला मापून बघू दे. चामड्याचा निळ्यासारखा चुरा होत नाही, पण तेल प्यायला की फुगतं, म्हणून भिजवू नकोस. एक थेंब, बोटाने पुसून. खाच पुढे. दोनशे गोळ्यांना एक बदल, आणि स्पर्धेला नवा. नवी स्प्रिंग घाल, त्याबाबतीत तो म्हातारा बरोबर आहे.

आणि मारायच्या आधी उघडून बघ. स्वतः. कुणी कितीही मायेने बसवला असला तरी. मी बसवला असला तरी. आत एक आहे की दोन, बघायचं, मग बंद करायचं.

डेन्झिलचं पिस्तूल त्याला परत दे. हातात बसत नाही ते बसत नाही.

ओर्फा

*

पार्कर्सबर्ग
१७ जून २०१९

मॅमॉ,

तुझं पत्र मी बसमधे वाचलं, पोरं उतरल्यावर. दोनदा वाचलं. त्यावर काही लिहायला गेले की खोडावं लागतंय, म्हणून नुसतं काय झालं ते सांगते.

प्रूएटने वायसर मापला, भिंगाखाली धरला आणि म्हणाला, “हे कुणी कापलं?” मी म्हटलं, “माझ्या आजीने.” म्हणाला, “हात शाबूत आहे तिचा.” यापेक्षा मोठं कौतुक मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. डेन्झिल म्हणाला, “घोड्याचा पट्टा? मग आता पिस्तूल लाथ मारेल.” तीन आठवडे रोज गोळ्या मारल्या. एकदाही अडकलं नाही. सुईची रेघ होती तिथेच आहे, चीर पुढे सरकलेली नाही.

पंधरा तारखेला जेवणानंतर मी झाडाखाली झोपले नाही. टेबलापाशी बसून पिस्तूल पुन्हा उघडलं आणि बघितलं. एक. खाच पुढे. बंद केलं. शेजारचा म्हणाला, “आत्ताच तर उघडलं होतंस.” मी म्हटलं, “आमच्या घरची पद्धत आहे.”

नव्वद गोळ्या, मॅमॉ. सावकाश, वीस सेकंद, दहा सेकंद. एकदाही अडकलं नाही. शेवटच्या पाच गोळ्या मारल्या आणि वरचं लोखंड मागे जाऊन थांबलं, रिकामं, जसं थांबायला हवं तसं. मी ते तसंच धरून जरा वेळ उभी राहिले. पंचाने ओरडून पिस्तूल खाली ठेवायला सांगितलं.

सहावी आले. पहिल्या चारात नाही. सावकाश मारायच्या फेरीत एका गोळीला घाई केली, हात हलायचा थांबेपर्यंत थांबले नाही, दहापैकी पाचच गुण. तिथेच गेलं. पिस्तुलाचं काही चुकलं नाही, वायसराचं नाही, पावडरचंही नाही. माझंच.

एक मागू का? ती पॅपॉची चकती मला परत पाठवशील? वहीच्या पानासकट काचेत बसवून आमच्या फायर हाउसच्या भिंतीवर लावावी म्हणते.

शेल्बी

*

लॉरेल रन
२६ जून २०१९

शेल्बीस,

सहावी. ठीक आहे. घाई केलीस तर पाचच मिळतात. पुढच्या वर्षी थांब. तुला कारण माहीत आहे आणि ते तुझं तू सांगितलंस, यापलीकडे मी काही बोलणार नाही. तुझ्या बापाने विचारलं तर म्हणेन बरी मारली.

रविवारी चर्चच्या दारात मी उभी राहिले आणि सांगितलं. त्या काळातले ऐकायला तिघंच उरलेत. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही, त्याला दोनदा सांगितलं, ओरडून. पावडर बरोबर होती, वायसर मी घातला. कॉनरॅड म्हणाला, “ओर्फा, छत्तीस वर्षांनी?” मी म्हटलं, “तुला काही काडतुसं भरून घ्यायची होती का?” मग त्याने दार उघडून धरलं. आत गेलो, गाणी म्हटली.

वहीचं पान पाठवते आहे. काचेत घाल, भिंतीवर लाव, काय हवं ते कर. अक्षर त्याचं आहे.

चकती मागू नकोस. मागच्या अंगणातला हातपंप वसंतापासून गळत होता, कोंबड्यांपाशी चिखल होत होता. ती चकती बघितली तर झिजलेली नव्हती, एकदाच वापरलेली. रात्रभर चरबीत भिजवली, बसवली. एकच पुरली.

आता गळत नाही.

नवे सहा कापले आहेत, सोबत पाठवते.

ओर्फा